हमी बँकेला, जोखीम खानावळवालीला

प्रधानमंत्री मुद्रा योजनेला ८ एप्रिल २०२५ रोजी दहा वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने केंद्र सरकारने आपल्या कर्तबगारीचे आकडे देशापुढे मांडले : ५२ कोटींहून अधिक कर्जे, ३२ लाख कोटी रुपयांहून अधिक मंजूर रक्कम, कर्जदारांत शेकडा ६८ स्त्रिया. तरुणांनी नोकरी मागत हिंडू नये, नोकरी देणारे व्हावे, हा जो उपदेश राज्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले, त्यावर या आकड्यांनी शिक्कामोर्तब झाले, असा सरकारचा दावा आहे. याच उपदेशाचा एक अध्याय जानेवारी २०१८ मध्ये देशाने ऐकला होता. एका दूरचित्रवाणी मुलाखतीत पंतप्रधानांनी सवाल केला होता की, भजी विकून संध्याकाळी दोनशे रुपये घरी नेणाऱ्याला तुम्ही बेकार म्हणणार काय? पुढच्याच महिन्यात सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन अध्यक्षांनी राज्यसभेत याच भज्यांचे समर्थन केले.

त्या वेळी या भज्यांवर पुष्कळ विनोद झाले. पदवीधर विद्यार्थ्यांनी रस्त्यावर कढया मांडून निदर्शनेही केली. त्या विनोदात सामील होण्याची आमची इच्छा नाही. भजी तळणे हे श्रम आहेत. पहाटे चारला उठून पीठ मळणारी, दुपारी दीडशे ताटे वाढून रात्री अकराला भांडी घासणारी बाई ही या देशातील कष्टकरी आहे. तिच्या कष्टांची टिंगल करणे हे सुखवस्तू मंडळींचे काम आहे, आपले नव्हे. आमचा सवाल भज्यांविषयी नाही. ज्या कर्जावर ती कढई चढली, त्या कर्जाची हमी सरकारने नेमकी कोणाला दिली आहे, हा आमचा सवाल आहे. सरकारी जाहिरातींत या सवालाचे उत्तर सापडत नाही.

एक साधा भागाकार

प्रथम सरकारचेच आकडे घेऊ. मंजूर रकमेला कर्जांच्या संख्येने भागले म्हणजे एका कर्जाची सरासरी सुमारे ६२ हजार रुपये येते. मुंबई, पुणे, इंदूर, हैदराबाद वा बंगळूर, कोणत्याही शहरात वाहत्या रस्त्यावरचा दहा बाय बारा फुटांचा गाळा घ्यावयाचा तर ६२ हजारांत त्याची अनामतसुद्धा भागत नाही. योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशू’, ५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जाला ‘तरुण’ अशी गोंडस नावे आहेत. २०२४ च्या अर्थसंकल्पात, आधीचे ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु या दहा वर्षांत देण्यात आलेली बहुसंख्य कर्जे ‘शिशू’ गटातील आहेत. म्हणजे ज्यांना नोकऱ्या देणारे म्हणून मिरविले जाते, त्यांतील बहुसंख्यांच्या हाती एक गाडी, एक शेगडी व आठवड्याचे पीठ-तेल यापलीकडे काही आलेले नाही. त्यांनी स्वतःला राबवून घेतले, आणि जोडीला घरातील बायकामुलांना. याला रोजगारनिर्मिती म्हणावयाचे असेल, तर उपासालाही आहारनियोजन म्हणावे लागेल.

शिवाय ५२ कोटी ही माणसांची संख्या नव्हे, कर्जांची आहे. पहिले कर्ज फेडून दुसरे घेणारा माणूस या हिशेबात दोनदा मोजला जातो. यातील सर्वच कर्जे बँकांच्या खिडकीवरून दिलेली आहेत असेही नाही. खासगी वित्तकंपन्या व सूक्ष्मवित्त कंपन्या यांनी दिलेली कर्जेही याच योजनेत मोजली जातात. या योजनेत व्याजदरावर सर्वसाधारण सवलत नाही. दर ठरविण्याची मोकळीक कर्ज देणाऱ्या संस्थेला आहे. सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या व्याजावर जी मर्यादा होती, तीही रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून काढून टाकली. शेकडा वीस-बावीस व त्याहूनही अधिक दराने दिलेल्या कर्जाला केवळ सरकारी योजनेचे नाव मिळाले, म्हणून त्याचे सावकारी रूप पालटत नाही.

‘हमी’ या शब्दाची फसवणूक

‘सरकारी हमीचे कर्ज’ हे शब्द ऐकून सामान्य माणसाची अशी समजूत होते की, आपला धंदा बुडाला तर सरकार आपल्या पाठीशी उभे राहील. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे, आणि ती दूर करण्याची तसदी कोणी घेत नाही. वस्तुस्थिती अशी आहे : मुद्रा कर्जांसाठी एक स्वतंत्र हमी निधी आहे. मोठ्या रकमांसाठी केंद्र सरकार व लघुउद्योग विकास बँक यांनी २००० साली स्थापन केलेला हमी न्यास आहे. या दोहोंची हमी कर्ज देणाऱ्या संस्थेला आहे. कर्ज थकले तर संस्थेच्या नुकसानीचा ठरावीक हिस्सा निधीतून भरून दिला जातो. कर्जदाराच्या डोक्यावरील कर्ज मात्र एका पैशानेही कमी होत नाही. न्यासाने बँकेला पैसे चुकते केल्यावरही वसुली चालूच राहते; फरक इतकाच की, वसूल झालेल्या रकमेत आता न्यासही वाटेकरी असतो.

इतकेच नव्हे. लहान रकमा वगळल्या तर या न्यासाकडून भरपाई मागण्यापूर्वी बँकेने कर्जदाराविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू केली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे ज्या हमीच्या भरवशावर माणूस कर्ज घेतो, तीच हमी बँकेला त्याच्यावर दावा लावण्यास भाग पाडते! बँकेने हमीसाठी भरावयाचे शुल्कही अनेकदा कर्जदाराच्याच खात्यातून वळते केले जाते. विम्याचा हप्ता खानावळवालीने भरावा आणि विमा उतरावा बँकेचा, असा हा व्यवहार आहे.

दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० चा दंडक आहे. प्रत्यक्षात कोणीतरी नोकरदार जामीन आणा, ठेव ठेवा, घराचे कागद ‘फक्त पाहण्यापुरते’ दाखवा, अशा वाटांनी तारणाची मागणी मागील दाराने आत येते. याचा दोष काउंटरवरील कर्मचाऱ्याला देऊन भागणार नाही. वरून कर्जवाटपाची उद्दिष्टे लादली जातात, आणि थकबाकी झाली की जाब त्यालाच विचारला जातो. बँक कर्मचारी व छोटा कर्जदार यांना एकमेकांसमोर उभे करून धोरण ठरविणारे नामानिराळे राहतात, ही बाब आपल्या साथींनी कधीही नजरेआड होऊ देऊ नये.

आता मोठ्यांकडे पाहा. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी सुमारे १४ लाख ५६ हजार कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ७ लाख ४१ हजार कोटी, मोठे उद्योग व मोठ्या सेवा यांची होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, असा खुलासा अर्थमंत्रालय करते. हिशेबशास्त्राच्या पुस्तकात हे खरे आहे. पण वसूल किती झाले? याच उत्तरानुसार सुमारे २ लाख कोटी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली मोठ्या कंपनीला नवा मालक मिळतो, बँका आपल्या येण्यावर पाणी सोडतात आणि व्यवहार ‘यशस्वी’ म्हणून नोंदला जातो. याच संहितेत सामान्य व्यक्ती व भागीदारी संस्था यांच्या दिवाळखोरीचाही भाग आहे. मोठ्या कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता तो डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला. सामान्य छोट्या धंदेवाल्यासाठी मात्र तो वर्षानुवर्षे कागदावरच ठेवण्यात आला. कारखानदाराला दिवाळखोरीतून सन्मानाने बाहेर पडण्याचा दरवाजा आहे. खानावळवालीला दरवाजा नाही. तिच्या दाराशी फक्त वसुलीवाला आहे.

अडतिसावी थाळी

हे सारे हिशेबाने पटवून घेणे चांगले. एक साधे उदाहरण घेऊ. एका बाईने खानावळ काढण्यासाठी ५ लाखांचे ‘किशोर’ कर्ज घेतले. व्याज शेकडा १२, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२२ रुपये होतो. पाच वर्षांत ती ६ लाख ६७ हजारांहून अधिक परत करील. त्यांपैकी १ लाख ६७ हजार व्याज.

आता तिची थाळी १०० रुपयांची धरू. धान्य, भाजी, तेल, गॅस, वीज, भाडे आणि आचारी-पोऱ्याची मजुरी वजा जाता थाळीमागे १० रुपये सुटतात, असेही धरू. हप्ता भागविण्यासाठी तिला महिन्याला सुमारे १,११२, म्हणजे रोज सुमारे ३७ थाळ्या केवळ बँकेसाठी वाढाव्या लागतात. एकही सुट्टी न घेता, एकही दिवस आजारी न पडता. तिचे स्वतःचे घर अडतिसाव्या थाळीपासून सुरू होते.

आणि ही ३७ थाळ्यांची गिऱ्हाइके पहिल्या महिन्यापासून येत नाहीत. खानावळीचे ‘मेंबर’ जमण्यास काळ लागतो; हे या धंद्यातील कोणीही सांगेल. कर्जाची रक्कम अनामत, ओटा, भट्टी, भांडी, शीतपेटी, पाट्या व परवाने यांत पहिल्याच फटक्यात संपते. रोजचा बाजार करण्यास खेळते भांडवल उरत नाही. मग किराणा दुकानदाराची उधारी, भिशी, रोज संध्याकाळी गल्ल्यावर येऊन वसुली करणारा खासगी फायनान्सवाला, अशी ही साखळी लांबत जाते. सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी म्हणून दिलेले कर्ज वर्षभरात कर्जदाराला पुन्हा सावकाराच्या दारात उभे करते.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम ही २००८ सालची योजना अनुदान देते, याचा मोठा गाजावाजा होतो. शहरातील सर्वसाधारण गटातील अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या शेकडा १५, ग्रामीण भागात २५. स्त्रिया, दलित, आदिवासी इत्यादी गटांना अनुक्रमे २५ व ३५. परंतु हे पैसे खानावळवालीच्या हाती पडत नाहीत. ते तीन वर्षे बँकेत तिच्या नावे ठेव म्हणून अडकून राहतात आणि धंदा तगला तरच कर्जात वळते होतात. म्हणजे ज्या पहिल्या तीन वर्षांत धंदा मरतो, नेमक्या त्याच तीन वर्षांत ही मदत कुलूपबंद असते. जगलेल्याला औषध देण्याची ही रीत आहे.

याच योजनेच्या मूळ नियमांत कोणते धंदे बसत नाहीत, त्यांची यादी होती. आणि त्या यादीत मांसाहारी पदार्थ वाढणारी खाद्यगृहेही होती. कोळीणबाईचे मासळीचे जेवण, मालवणी खानावळ, मुसलमान खाटकाशेजारची खिम्याची गाडी, दलित वस्तीतील मटणाची खानावळ, या सर्वांना वगळून ‘उद्योजकता’ फक्त शाकाहारी ताटात वाढली जात होती. पुढे सुधारित नियमांत ही अट सैल करण्यात आली. पण वर्षानुवर्षे ती अट तेथे होती, आणि तिचा फटका कोणत्या जातींना व कोणत्या धर्माला बसला असेल, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

एक ताट, चार वाटेकरी

मराठीत बँकेचाही ‘हप्ता’ असतो आणि रस्त्यावरील गणवेशधाऱ्याचाही ‘हप्ता’च असतो. भाषेने हा भेद केला नाही, कारण कष्टकऱ्याच्या अनुभवात तो नाही. २०२० साली केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना काढली. १० हजारांपासून ५० हजारांपर्यंत टप्प्याटप्प्याने कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला टप्पा १५ हजारांचा करून ती २०३० पर्यंत वाढविण्यात आली. सरकारचा एक हात असे कर्ज देऊन गाडी उभी करवितो. दुसरा हात, म्हणजे नगरपालिकेचे अतिक्रमणविरोधी पथक, तीच गाडी ट्रकमध्ये टाकून घेऊन जाते. संसदेने फेरीवाल्यांचा कायदा २०१४ मध्ये केला. सर्वेक्षण झाल्याशिवाय व जागा नेमून दिल्याशिवाय कोणाला उठवू नये, असे तो सांगतो. कर्जवाटपाची जी घाई दिसते, ती या कायद्याच्या अंमलबजावणीत का दिसत नाही? गाडी जप्त झाली, तरी हप्ता थांबत नाही.

दुसरा वाटेकरी घरमालक. धंदा चालू लागला, ही बातमी त्याला प्रथम कळते, आणि अकरा महिन्यांचा करार संपताच ती भाड्यात उमटते. तिसरा वाटेकरी स्वतः सरकार. खाद्यगृहांवरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये शेकडा ५ करण्यात आला, तेव्हा गिऱ्हाइकाला दिलासा दिल्याचे ढोल वाजले. पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याच वेळी काढून घेण्यात आली. गाळ्याच्या भाड्यावरील आणि व्यापारी गॅसवरील शेकडा १८ कर खानावळीने मुकाट्याने सोसावयाचा.

चौथा वाटेकरी सर्वांत नवा व सर्वांत बलाढ्य आहे. घरपोच जेवण पोचविणाऱ्या दोन कंपन्यांनी, झोमॅटो व स्विगी यांनी, देशातील या बाजारपेठेवर पकड बसविली आहे. खाद्यगृहचालकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्यांच्या व्यवहाराच्या चौकशीचा आदेश दिला, ही गोष्ट सार्वजनिक आहे. शंभर रुपयांच्या ताटामागे वीस-पंचवीस रुपये दलाली हा अनेक छोट्या चालकांचा अनुभव आहे. वर दिलेल्या हिशेबात थाळीमागे सुटत होते १० रुपये. वीस रुपये दलाली गेली की प्रत्येक थाळीमागे १० रुपयांचा तोटा! मग थाळीचा भाव वाढवा, नाही तर वाटीतील भाजी कमी करा. जानेवारी २०२२ पासून तर करनोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या खानावळीचे जेवणही या कंपन्यांमार्फत विकले गेल्यास त्यावर ५ टक्के कर लागतो. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, आवडनिवड यांची माहिती कंपनीकडे. घाम, धूर व हप्ता खानावळवालीकडे. ती स्वतःला मालकीण समजते. प्रत्यक्षात ती मक्तेदार भांडवलाची तुकड्यावर काम करणारी कामगार होऊन बसली आहे. आणि तिला त्या कामावर ठेवण्यासाठी लागणारे भांडवलही कंपनीने घातलेले नाही. ते तिने स्वतःच्या नावावर, सरकारी ‘हमी’वर उचलले आहे.

भटारखान्यातील माणूस

येथवर आपण गल्ल्यावर बसणारीची बाजू मांडली. परंतु गल्ल्याच्या मागे भटारखाना आहे, आणि तेथील माणसाविषयी गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही. वरून दाबलेला हप्ता खाली कोठेतरी उतरतोच. तो उतरतो आचाऱ्याच्या चौदा तासांवर, भांडीवाल्याच्या ओल्या पायांवर, टेबल पुसणाऱ्या पोऱ्याच्या न मिळालेल्या सुट्टीवर. हॉटेले व ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ही बंदी होऊन जमाना लोटला, तरी ‘छोटू’ ही हाक थांबलेली नाही.

कायद्याची दिशा मात्र उलटी. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नव्याने करताना दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापने त्याच्या मुख्य तरतुदींबाहेर काढण्यात आली. २०२५ मध्ये ही संख्या वाढवून वीसवर नेण्यात आली. सरकारी कर्जावर उभी राहणारी बहुतेक सर्व खाद्यगृहे या मर्यादेच्या आतलीच. म्हणजे बँकेला हमी आहे, कंपनीला दलालीची हमी आहे, घरमालकाला करारनाम्याची हमी आहे; बिहार, नेपाळ, मराठवाडा वा तुळूनाडूतून आलेल्या त्या वाढप्याला मात्र आठ तासांची हमी नाही. कर्जाच्या अर्जात ‘किती रोजगार निर्माण होतील’ असा रकाना असतो. तो रोजगार कोणत्या वेतनावर, याचा रकाना नसतो.

गिरणगावाचा धडा

‘मग तुमचे म्हणणे काय? गरिबाने कर्ज घेऊच नये?’ असा प्रश्न सरकारचे समर्थक विचारतील. काही साथी दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की, ही सर्व लबाडी आहे, छोट्या मालकीचा भ्रम आहे. आपण त्यापासून दूर राहावे. आम्हांला दोन्ही भूमिका अमान्य आहेत. कारखान्याची नोकरी गेलेला कामगार जेव्हा तुमच्याकडे येऊन विचारतो, ‘साथी, बायकोच्या नावाने कर्ज काढून खानावळ टाकू का?’ तेव्हा त्याला भांडवलशाहीच्या ऱ्हासावर व्याख्यान देणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. बँकेचा पैसा हा जनतेच्या ठेवींचा पैसा आहे. १९६९ मध्ये १४ व १९८० मध्ये ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते जनतेच्या दबावाशिवाय झाले नाही. कर्ज हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, कृपा नव्हे. वाद त्या कर्जाच्या अटींविषयी आहे.

याचा एक धडा मुंबईच्या गिरणगावात आहे. गिरणी कामगार घरदार कोकणात वा घाटावर ठेवून एकटे राहत. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांच्या जिवावर गिरण्या चालत. या बाया किराणावाला व सावकार यांच्या कर्जात बुडालेल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या व कामगार चळवळीत घडलेल्या या कार्यकर्तीने राष्ट्रीयीकृत बँकेचे दार या बायांसाठी उघडून घेतले. एकीने दुसरीला जामीन राहावयाचे, असा तो व्यवहार होता. ज्यांच्याकडे दागिना नव्हता, सातबारा नव्हता, त्यांची पत संघटनेने उभी केली. त्या काळी बँकांत १९७२ पासूनची विभेदक व्याजदर योजना होती. अत्यंत गरिबांना शेकडा ४ दराने कर्ज. आजच्या शेकडा बारा व बाविसाशी हा दर ताडून पाहावा.

पण धड्याचा उत्तरार्धही विसरता कामा नये. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. पुढे गिरण्याच मिटल्या, तेव्हा मेंबर गेले, आणि मेंबरांबरोबर कित्येक खानावळीही गेल्या. कोणत्याही कर्जाला, कितीही स्वस्त असो, त्यांना वाचविता आले नाही. खानावळ चालते ती जेवणाऱ्याच्या पगारावर. पगारी रोजगार मारून टाकावयाचा आणि प्रत्येकाला खानावळ काढण्यास कर्ज द्यावयाचे, या धोरणाची निरर्थकता यात स्पष्ट दिसते. सर्वांनीच भजी तळावयाची ठरविली, तर विकत घेणार कोण?

दुसरे उदाहरण त्याही आधीचे. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करून कामगारांना घरी बसविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनी सहकारी संस्था स्थापून १९५७ पासून इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालविण्यास घेतली. पगडी घातलेला तो वाढपी मालकाचा नोकर नव्हता, संस्थेचा सभासद होता. केरळात कुडुंबश्रीच्या स्त्रियांनी २०२० पासून २० रुपयांत जेवण देणारी एक हजाराहून अधिक जनकीय हॉटेले चालविली. जागा, पाणी, वीज यांचा भार स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलला आणि सरकारने थाळीमागे १० रुपये अनुदान दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये हे अनुदान बंद झाले, तेव्हा त्या स्त्रियांची ओढाताण झाली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रातील २०२० च्या शिवभोजन थाळीची गतही वेगळी नाही. दहा रुपयांची थाळी केंद्रचालकाने आज वाढावयाची आणि सरकारचे पैसे महिनोन् महिने उशिरा यावयाचे. निष्कर्ष एकच : राज्यसंस्थेने आपला वाटा वेळेवर उचलला तर सामूहिक भटारखाना तगतो. तिने हात आखडला की तेथेही जोखीम स्वयंपाकिणीच्याच पदरी येते.

आपली मागणी

म्हणून आपली लढाई ‘कर्ज हवे की नको’ या भ्रामक प्रश्नावर लढविता येणार नाही. हमीची दिशा उलटविणे, हे या लढाईचे सूत्र असले पाहिजे. त्यातून पुढील मागण्या निघतात.

१. सरकारी हमी निधीतून बँकेला जेवढी भरपाई मिळेल, तेवढे छोट्या कर्जदाराचे कर्ज फिटले असे मानावे. राहते घर व धंद्याची अवजारे यांना वसुलीतून वगळावे. इंग्रजांच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही ऋणकोच्या घरची स्वयंपाकाची भांडी जप्तीबाहेर ठेवली होती. स्वतंत्र भारतातील खानावळवालीची भांडी बँकेकडे नजरगहाण असतात!

२. दहा लाखांखालील कर्जाला शेकडा ४ हा १९७२ चाच दर लावावा. पहिले वर्ष हप्ता नसावा, आणि अनुदान पहिल्याच दिवशी खेळत्या भांडवलासाठी हाती द्यावे.

३. सामान्य व्यक्तीसाठी दिवाळखोरीचा सोपा, बिनखर्चाचा कायदा तत्काळ लागू करावा.

४. घरपोच जेवणाच्या कंपन्यांच्या दलालीवर कायद्याने मर्यादा घालावी.

५. कर्ज देताना जागाही द्यावी. २०१४ च्या कायद्यानुसार फेरीवाल्यांना जागा नेमून द्याव्यात, आणि पालिकेच्या मंडयांतील गाळे वाजवी भाड्याने द्यावेत.

६. रुग्णालये, एसटी स्थानके, महाविद्यालये व सरकारी कचेऱ्या यांतील उपाहारगृहे ठेकेदारांकडून काढून कामगारांच्या व स्त्रियांच्या सहकारी संस्थांना द्यावीत.

७. सरकारी हमीच्या प्रत्येक कर्जासोबत किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी व आठ तासांचा दिवस यांची अट असावी. आणि लहान आस्थापनांतील कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा काही वर्षे सरकारने भरावा. छोट्या मालकाची अडचण ही कामगाराला लुबाडण्याची सबब होऊ शकत नाही.

शेवटच्या मागणीवर काही छोटे चालक कुरकुर करतील. त्यांच्याशी आपण स्पष्ट बोलले पाहिजे. पोऱ्याच्या पगारातून कापलेले दोन हजार त्यांच्या गल्ल्यात राहत नाहीत. ते घरमालक, दलाल कंपनी व बँक यांच्याकडे जातात. ज्याच्याकडून खरी लूट होते, त्याच्याशी भांडण्याचे बळ नसल्यामुळे ते दुर्बळावर हात टाकतात. हे बळ एकेकट्याला येणार नाही; संघटनेने येईल.

तेव्हा, तुमच्या वस्तीत, मग ती परळला असो, बेळगावला असो वा बडोद्याला, कोणी कर्जाचा अर्ज घेऊन आला तर त्याला परतवू नका. त्याच्याशेजारी बसा. कागद वाचून दाखवा. हमी कोणाला आहे, ते बोट ठेवून दाखवा. अडतिसाव्या थाळीचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्या. आणि त्याच गल्लीतील चार खानावळवाल्या, दहा गाडीवाले व वीस वाढपी यांना एका ओसरीवर आणा. सरकारने त्यांना बावन्न कोटी सुट्या सुट्या खात्यांत मांडले आहे. त्यांना एका संघटनेत आणण्याचे काम सरकार करणार नाही. ते आपले आहे.